नवीन सीएचओसाठी: टीमला काम सोपवायचं कसं आणि त्यावर लक्ष ठेवायचं कसं

मी सोलापुरात सहा वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स होते. ड्यूटी इन्चार्ज सिस्टर लावायच्या, ऑर्डर डॉक्टर लिहायचे आणि माझ्या वाट्याचे पेशंट मी सांभाळायचे. मग सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा कोर्स केला आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, म्हणून रुजू झाले. पहिल्या सकाळी आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, पाच आशाताई आणि झाडलोटीपासून बाळंतपणापर्यंत सगळीकडे हात देणाऱ्या स्त्री परिचर मावशी ओट्यावर बसून होत्या. सेविका त्या गावात एकोणीस वर्षं होत्या. त्यांनी विचारलं, "मॅडम, आज कुणी काय करायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

पहिले चार महिने मी सगळं स्वतःच करत राहिले. ओपीडी, बीपी-शुगर, पोर्टलच्या एंट्र्या, गृहभेटी, अगदी लसीकरणाची ड्यू लिस्टसुद्धा (कुणाचा डोस बाकी आहे त्याची यादी). पाचव्या महिन्यात अंगात ताकद उरली नाही, तेव्हा सगळं एकदम दुसऱ्यांवर टाकून दिलं. दोन्ही वेळा नुकसान रुग्णांचं झालं. त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसली ती इथे सविस्तर लिहिते. नुकतेच रुजू झालेले सीएचओ, अतिदक्षता विभागातल्या नर्स प्रॅक्टिशनर, पहिल्यांदा इन्चार्ज झालेल्या सिस्टर, सगळ्यांना यातलं बरंच लागू पडेल.

थोडी पार्श्वभूमी. रुग्णाची तपासणी करून उपचाराचा निर्णय घेणारी नर्स ही कल्पना १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केलेल्या अभ्यासक्रमातून पुढे आली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आणला, आणि २०१८ साली आयुष्मान भारत सुरू झाल्यावर उपकेंद्रांना सीएचओ मिळाले. आज त्या उपकेंद्रांवर आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी आहे. सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि १,००० लोकसंख्येमागे एक आशा, अशी मूळ रचना. म्हणजे तुम्ही कितीही धावलात तरी ५,००० लोकांपर्यंत एकट्या पोचू शकत नाही. काम सोपवावंच लागतं.

आधी कोण कोणत्या नात्याने तुमच्याबरोबर आहे ते समजून घ्या

हे न समजता दिलेली कामं पहिल्या महिन्यातच अडतात. सेविका आणि सेवक बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेचे कायम कर्मचारी असतात. तुम्ही कंत्राटी. त्यांचं सेवापुस्तक, रजा, बदली यांतलं काही तुमच्या हातात नाही. त्यांना कारणे दाखवा नोटीस तुम्ही काढू शकत नाही, ते वैद्यकीय अधिकाऱ्यांचं आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं काम. आरोग्य सहाय्यिका आणि आशांच्या गटप्रवर्तक यांचीही स्वतःची देखरेख चालू असते. तुम्ही त्यांना डावलून आशांना परस्पर आदेश देऊ लागलात, तर आशाताईंना तीन दिशांनी तीन निरोप येतात आणि बिचाऱ्या शेवटी जो ओरडतो त्याचं काम करतात.

आशाताईंची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना पगार नाही. कामागणिक मोबदला आहे. एखादं काम त्यांना सांगताना त्याचा मोबदला आहे का, कोणत्या दाव्यात बसतो, हे तुम्हाला माहीत असायला हवं. नसेल तर तसं सांगून विनंती करायची, हुकूम नाही. त्यांच्या दाव्याच्या फॉर्मवरची सही दबाव म्हणून कधीही रोखू नका. मी एका ठिकाणी हे होताना पाहिलं आहे. तिथल्या एका आशाताईंनी घरचं ज्वारीचं रान सोडून महिनाभर काम केलं होतं आणि सही राहिली म्हणून पैसे पुढच्या महिन्यावर गेले. त्यानंतर त्या आशाताई बैठकीला येत, पण गावातली एकही खरी बातमी सांगत नसत.

म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत अर्धा तास बसा. तीन गोष्टी विचारून लिहून घ्या. टीमच्या कामाचं नियोजन मी करायचं आहे हे तुम्ही मासिक सभेत सगळ्यांसमोर सांगाल का? कोणती औषधं मी तुमच्या प्लॅनप्रमाणे पुढे चालू ठेवू शकते आणि कशासाठी तुम्हाला विचारायलाच हवं? आणि कुणी ऐकलंच नाही तर मी ते तुमच्यापर्यंत कसं पोचवायचं? पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. साहेबांनी सभेत सांगितलेलं एक वाक्य तुमचे पुढचे सहा महिने सोपे करतं.

पहिले पंधरा दिवस फक्त बघा

नवीन माणसाला लगेच काहीतरी बदलून दाखवावंसं वाटतं. थांबा. प्रत्येकीबरोबर एक दिवस फिरा. एका आशाताईंबरोबर नवजात बाळाच्या गृहभेटीला जा, सेविकांबरोबर लसीकरण सत्राला, सेवकांबरोबर कंटेनर सर्वेक्षणाला, म्हणजे डासांच्या अळ्यांसाठी घरोघरची पाण्याची भांडी तपासायला. वहीत प्रत्येकाच्या नावाने एक पान ठेवा. कुणाला काय छान जमतं, काय करताना हात अडखळतो, घरातून किती वाजता निघता येतं, गाडी आहे का, मोबाइलवर एंट्री स्वतः करतात की मुलाकडून करून घेतात. आमच्याकडे एका आशाताईंचं अक्षर इतकं सुरेख होतं की सगळ्या लाइन लिस्ट, म्हणजे नावानिशी याद्या, त्यांच्याकडे गेल्या. दुसऱ्या एका ताईंना लिहिणं जड जायचं, पण सासू-सुनेचं भांडण बाजूला ठेवून गरोदर मुलीला तपासणीला आणायचं काम त्यांच्याइतकं कुणालाच जमत नसे. दोघींना सारखं काम दिलं असतं तर दोघीही कमी पडल्या असत्या.

काय द्यायचं, काय स्वतःकडे ठेवायचं

परिचर्येत काम सोपवण्याचे पाच निकष जगभर शिकवले जातात. अमेरिकेतल्या परिचर्या परिषदांच्या राष्ट्रीय संघटनेने ते रुळवले: काम योग्य हवं, परिस्थिती योग्य हवी, माणूस योग्य हवा, सूचना योग्य हवी आणि देखरेख योग्य हवी. परीक्षेत आपण हे पाठ म्हणून लिहितो. उपकेंद्रात यातला दुसरा निकष, परिस्थितीचा, सगळ्यात जास्त चुकतो.

उदाहरण घ्या. बीपीचं मोजमाप हे देण्यासारखं काम आहे का? आहे. चार महिने गोळी चालू असलेल्या, बीपी आटोक्यात असलेल्या आजोबांचं सेवकांनी घरी जाऊन मोजलं तर काहीच हरकत नाही. पण तेच मोजमाप आठव्या महिन्यातल्या, पायांना सूज आणि डोकं दुखतंय म्हणणाऱ्या बाईचं असेल, तर तिथे तुम्ही स्वतः बसायचं. काम तेच, मशीन तेच, परिस्थिती वेगळी.

माझा ढोबळ नियम असा. ज्या कामाची पद्धत ठरलेली आहे, निकाल आकड्यात किंवा हो-नाहीत येतो, आणि चुकलं तर दुरुस्त करायला वेळ मिळतो, ते काम द्या. वजन, उंची, ड्यू लिस्ट, तीस वर्षांवरच्यांचे सीबॅक फॉर्म (बीपी, शुगर, कॅन्सर अशा आजारांचा धोका गुणांत मोजणारी प्रश्नावली), लोहाच्या गोळ्या घेतल्या का हे पाहणं, क्षयरुग्णाच्या डोसचा पाठपुरावा, सभेचे निरोप. ज्यात अर्थ लावायचा आहे ते स्वतःकडे ठेवा. पहिल्यांदाच आलेल्या रुग्णाची तपासणी, तब्येत बिघडत चाललेला रुग्ण, औषध बदलायचा प्रश्न, ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरांना केस सांगणं. सीबॅकचा फॉर्म आशाताई भरतील, गुण ४ पेक्षा जास्त आले तर त्या माणसाला आधी तपासणीला आणतील, पण त्या गुणांच्या पलीकडे त्या माणसाच्या तोंडातला पांढरा चट्टा बघायचा तो तुम्हीच.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. काम देताना अधिकारही द्या. नवजात बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय किंवा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आहे, अशा वेळी आशाताईंनी आधी १०८ ला फोन करायचा, मला नंतर. हे मी पाचही जणींना तोंडी सांगितलं, वहीत लिहून दिलं आणि त्यांच्या घरच्यांनाही सांगितलं. "मॅडमचा फोन लागेना म्हणून थांबले" हे वाक्य कुठल्याही बाळाच्या बाबतीत ऐकायला लागू नये.

सूचना कशी द्यायची

इथे मी माझी चूक सांगते, कारण या लेखाचं मूळच त्यात आहे.

असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचे आकडे मागे पडले होते. मी सेवकांना आणि एका आशाताईंना म्हटलं, "शुक्रवारपर्यंत वस्तीवरच्या साठ जणांचे बीपी घेऊन द्या." शुक्रवारी साठ नावं आली. मी एंट्री करून टाकली. तीन आठवड्यांनी त्याच यादीतल्या एक मावशी डोकं धरून ओपीडीत आल्या. माझ्या मशीनवर १९०/११०. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे होतं १३०/८०. मी यादी परत नीट वाचली, तेव्हा लक्षात आलं की शेवटच्या बावीस नावांपुढे १२०/८० आणि १३०/८० याशिवाय दुसरा आकडाच नाही.

सेवकांना एकटं बोलावून विचारलं. त्यांनी खरं सांगितलं. मशीनचे सेल उतरले होते, स्क्रीनवर सारखी एरर येत होती, बायका रानात जायच्या घाईत होत्या आणि मॅडमनी साठच मागितले होते. "होय की मॅडम, चुकलं माझं," एवढं म्हणून ते खाली बघत राहिले. चूक त्यांची होतीच. पण माझ्या सूचनेत फक्त आकडा आणि वार होता. मशीन चालेनासं झालं तर काय करायचं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. त्या मावशींना मी त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवलं, त्यांना गोळी सुरू झाली, पुढे त्या बऱ्या राहिल्या. बाकीच्या एकवीस जणांचे बीपी मी आणि सेवकांनी मिळून दोन दिवसांत पुन्हा घेतले.

आता मी तीच सूचना अशी देते: "दादा, गावठाणाच्या मागच्या वस्तीवर तीस वर्षांवरच्या लोकांचे बीपी घ्यायचेत. उद्या आणि परवा, संध्याकाळी पाचनंतर, रानातून परत आल्यावर. माणसाला पाच मिनिटं बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, कफ उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला. बोलू देऊ नका. १४०/९० किंवा वर आलं तर थोड्या वेळाने पुन्हा घ्या, दोन्ही आकडे लिहा आणि त्यांना माझ्याकडे यायला सांगा. १८०/११० च्या वर असेल तर तिथूनच मला फोन. मशीन बंद पडलं तर जागा रिकामी सोडा. रिकामी जागा मला चालेल. बारा झाले तरी चालतील, पण खरे हवेत." मग विचारते, "आता तुम्ही मला सांगा, काय करणार?" त्यांनी स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं की कळतं काय पोचलं आणि काय राहिलं. दहापैकी निम्म्या वेळा काहीतरी राहिलेलं असतं. सुरुवातीला असं परत सांगायला लावणं अवघड वाटतं, समोरच्याची परीक्षा घेतल्यासारखं. म्हणून मी म्हणते, "मी नीट सांगितलं का ते बघूया."

अशा सूचनेत पाच गोष्टी असाव्यात: काय, कुणाचं, कधीपर्यंत, कोणता आकडा आला की मला कळवायचं, आणि अडलं तर काय करायचं. शेवटच्या दोन सगळ्यात जास्त विसरल्या जातात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर "सर्वांनी लवकरात लवकर पूर्ण करावे" टाकणं ही सूचना नव्हे. कुणाचंच नाव नसलेलं काम कुणाचंच नसतं.

लक्ष कसं ठेवायचं

देखरेख म्हटलं की लोकांना वाटतं रजिस्टर तपासून लाल पेनाने खुणा करणं. खरी देखरेख काम चालू असताना शेजारी उभं राहून होते.

लसीकरण सत्राचं सांगते. सुई सेविकाच टोचणार, त्यांचा हात माझ्यापेक्षा कसलेला आहे. मी सत्र सुरू होताना पोचते आणि ठरावीक गोष्टी बघते. कॅरिअरमधले आइसपॅक कंडिशन केलेले, म्हणजे थोडे वितळू दिलेले, आहेत का. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला हवा, नाहीतर पेंटासारखी (पाच रोगांवरची एकत्र) लस गोठून वाया जाते. प्रत्येक व्हायलवरचं, म्हणजे लसीच्या बाटलीवरचं, व्हीव्हीएम (लस उष्णतेने खराब झाली का हे रंगाने दाखवणारी खूण). उघडलेल्या व्हायलवर तारीख आणि वेळ लिहिली आहे का. गोवर-रुबेला आणि बीसीजी विरघळवल्यानंतर चार तासांत टाकून द्यायची. पेंटा, आयपीव्ही (पोलिओची टोचायची लस) यांची उघडलेली व्हायल नियम पाळून ठेवली तर २८ दिवस चालते. या दोन नियमांची गल्लत होऊ नये म्हणून आम्ही व्हायल उघडली की वेळ मोठ्याने बोलतो आणि दुसरी कुणीतरी ती लिहिते. आणि शेवटी आईशी होणारं बोलणं ऐकते: कोणती लस दिली, ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख, कार्ड जपून आणायचं. मग बाळाला अर्धा तास बसवून ठेवलं का. आमच्याकडे गर्दी वाढली की हा अर्धा तासच आधी गळायचा. आता मावशी दाराजवळ खुर्ची टाकून बसतात आणि घड्याळ बघितल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. हे काम त्यांना देण्याआधी मी त्यांना बाळाला रिअॅक्शन आली तर काय दिसतं ते समजावलं आणि कुणाला हाक मारायची ते ठरवून दिलं.

वेळेसारखंच बाटलीवरचं नावही मोठ्याने वाचायची सवय का हवी, यासाठी एकच आठवण पुरे. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात एका गावात पोलिओच्या बूथवर बारा लहान मुलांना डोसऐवजी हातांचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवाने वाचली. बूथवर एकाहून जास्त माणसं असूनही हे घडू शकतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल. म्हणून बूथवर लस आणि दुसरी कुठलीही बाटली एका टेबलावर नको, हे मी स्वतः बघते. हे कुणाला सोपवत नाही.

कागदावरच्या कामासाठी सगळं तपासत बसू नका. आठवड्याला प्रत्येकीच्या यादीतली तीन नावं चिठ्ठी काढल्यासारखी उचला आणि त्या घरी जा. आशाताईंनी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी गृहभेट द्यायची असते. बाळाच्या आईला "ताई आल्या होत्या का?" असं विचारू नका, ती होच म्हणणार, गावातल्या बाईला कोण अडचणीत आणेल? "मागच्या वेळी वजन किती भरलं? कशावर मोजलं?" असं विचारा. झोळीचा काटा बाहेर काढला होता की नाही ते लगेच कळतं. आणि हे मी घरी जाणार आहे, तीन नावं बघणार आहे, हे आशाताईंना आधीच सांगितलेलं असतं. पकडायला जात नाही. बहुतेक वेळा त्याच आईसमोर त्यांचं कौतुक करायची संधी मिळते.

रोज सकाळी दहा मिनिटं ओट्यावर उभ्याने बोलायचं, एवढी एक सवय लावा. कालचं काय राहिलं, आजचं काय, कुणाची काळजी वाटते. तिसरा प्रश्न सोडू नका. "त्या पलीकडच्या गल्लीतली पोर दोन दिवस दिसली नाही" अशी माहिती कुठल्याच पोर्टलवर येत नाही. आमच्याकडे ७ च्या खाली हिमोग्लोबिन असलेली एक गरोदर मुलगी अशाच एका वाक्यातून सापडली. माहेरून आली होती, कार्ड सासरी राहिलं होतं, कुणाच्याच यादीत नव्हती.

वयाने आणि अनुभवाने मोठ्या सिस्टर

नवीन सीएचओंचा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. माझं मत स्पष्ट आहे: त्यांच्याकडून शिका आणि तरीही प्रश्न विचारा. दोन्ही एकत्र जमतं.

मी सेविकांना पहिल्या दिवसापासून "अक्का" म्हणत आले, आमच्या भागात मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. गावाबद्दल काहीही ठरवताना आधी त्यांना विचारते. पण एकदा त्यांनी रीकॅप केलेली (टोपण परत लावलेली) सुई हब कटरऐवजी, म्हणजे सुई कापायच्या यंत्राऐवजी, तशीच डब्यात टाकली, तेव्हा मी गप्प बसले नाही. सत्र संपल्यावर, बाकीच्या निघून गेल्यावर, चहा पिताना म्हटलं, "अक्का, मावशी तो डबा हाताने रिकामा करतात. त्यांना सुई लागली तर?" नियमावली काढली नाही. त्या म्हणाल्या, "खरंय, सवय लागलीय." पुढच्या सत्राला हब कटर त्यांनी स्वतः मधल्या टेबलावर आणून ठेवला. सगळ्याच वेळा असं सहज होत नाही. पण चारचौघांत बोलले असते तर एकोणीस वर्षं काम केलेली माणसं ऐकायच्या आधी दुखावली असती.

चूक झाली तर

तीन प्रकार वेगळे ठेवा. विसरली, जमत नाही, आणि मुद्दाम खोटं लिहिलं. विसरण्यावर यादी आणि आठवण, एवढंच. जमत नसेल तर पुन्हा करून दाखवा, मग त्यांना तुमच्यासमोर करायला लावा. तीन वेळा नीट झालं की एकटं सोडा. मुद्दाम खोटी नोंद असेल तर पहिल्यांदा एकटं बसून कारण विचारा, आमच्या साठ बीपींसारखं ते कधीकधी तुमच्याच मागणीत निघतं. तेच पुन्हा झालं तर तारीख, घर क्रमांक, काय लिहिलं होतं आणि प्रत्यक्ष काय आढळलं एवढंच लिहून आरोग्य सहाय्यिका आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. "कामात निष्काळजी आहेत" असले शेरे लिहू नका. घडलेलं लिहा.

रुग्णाला इजा होईल असं काही चालू दिसलं तर मात्र मोठं-लहान, अक्का-दादा काही बघू नका. हात धरून थांबवा. बोलणं नंतर.

सोलापूर जिल्ह्यात काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेकडच्या गावांत घरात कन्नड चालतं. आशाताई दुभाषी होतात. रुग्ण दोन मिनिटं बोलते आणि ताई सांगतात, "पोटात दुखतंय म्हणती." तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. ताईंना सांगा, ती जसं बोलली तसं वाक्यावाक्याने सांगा, तुमचं मत शेवटी वेगळं सांगा. आणि तुम्ही स्वतः किमान दुखतंय का, किती दिवस, रक्त जातंय का एवढे प्रश्न कन्नडमध्ये शिका. बायांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

गाळप हंगामात ऊसतोड टोळ्यांचे तळ पडतात. ही माणसं आपल्या गावच्या यादीत नसतात, म्हणून कुणाच्याच कामात येत नाहीत. तळ पडल्या आठवड्यातच सेवकांचं नाव घालून काम द्या: किती कोपी (तळावरच्या झोपड्या), किती गरोदर, पाच वर्षांखालची मुलं किती, कार्ड कुणाकडे आहे. दिवसा गेलात तर कोपीत फक्त म्हातारी माणसं आणि लहान मुलं भेटतील. मुकादमाशी बोलून संध्याकाळची वेळ ठरवा. महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रावर गरोदर मातांची तपासणी असते, तिथे या बायकांना न्यायला गाडीची सोय कोण करणार हेही त्याच दिवशी ठरवा. उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीचे अध्यक्ष सरपंच असतात आणि सदस्य सचिव तुम्ही. हा विषय तिथे मांडला की गाडी मिळते, माझा अनुभव आहे.

एप्रिल-मे मध्ये दुपारी गृहभेटी देऊ नका. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, आणि आशाताई चालत जातात.

आषाढी जवळ आली की पंढरपूरच्या यात्रेसाठी आणि पालखी मार्गावर ड्यूट्या लागतात. कधी सेवक जातात, कधी तुम्ही, कधी दोघंही. पत्र आदल्या दिवशी येऊ शकतं, म्हणून जून सुरू होताच एक कागद तयार ठेवा. माझ्या कागदावर असतं ते असं: या महिन्यात बाळंत होणाऱ्या बायकांची नावं, गाव, घराजवळची खूण, सोबत कोण जाणार आणि १०२ च्या सरकारी रुग्णवाहिकेशिवाय दुसरी गाडी कुणाची. बीपी-शुगरच्या कोणत्या रुग्णांच्या गोळ्या कोणत्या तारखेला संपतात आणि त्या कुणी पोचवायच्या. सत्राची तारीख, त्या दिवशी लस कोण आणणार, नोंद कोण करणार. आयएलआर (लस साठवायचा खास फ्रीज) आपल्याकडे नाही, तेव्हा उरलेली लस संध्याकाळी केंद्रावर परत कोण नेणार. क्षयरोगाच्या औषधांवर असलेले रुग्ण कोणत्या आशाताईंच्या भागात. माझ्याऐवजी कोणत्या सीएचओंना फोन करायचा, त्यांचं नाव आणि नंबर, आणि त्यांना मी आधी विचारलं आहे ही नोंद.

हा कागद मी अक्कांकडे देते, त्यांच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घेते, आणि एक प्रत दवाखान्याच्या आतल्या दारावर चिकटवते. बाहेरच्या नाही. त्यावर रुग्णांची नावं असतात.